‘आई, बेरीज करू की वजाबाकी?’

वाचकाचं पत्र

माझी मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यमात. हातच्याची बेरीज, वजाबाकी, वीसपर्यंतचे पाढे, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं, सगळं येतं. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल धरून माझ्याकडे बघत बसते आणि विचारते, ‘आई, बेरीज करू की वजाबाकी?’ शिकवणीत एक तक्ता दिलाय: ‘एकूण, मिळून, जास्त’ आलं की बेरीज, ‘उरले, कमी, फरक’ आलं की वजाबाकी, ‘पट, दराने’ आलं की गुणाकार, ‘प्रत्येकी, समान’ आलं की भागाकार. तो तिला पाठ आहे, भिंतीवरही चिकटवलाय. तरी परवाच्या चाचणीत हे चुकलं: ‘रेश्माकडे ४५ मणी आहेत. ते नेहाकडच्या मण्यांपेक्षा १८ ने जास्त आहेत. तर नेहाकडे किती मणी आहेत?’ तिने ६३ लिहिलं. तिचे बाबा म्हणतात, रोज वीस उदाहरणं सोडवून घे, आपोआप जमेल. सत्र परीक्षेला तीन आठवडे आहेत. काय करू?
– एक आई, चिपळूण

उत्तर

ताई, आधी तो तक्ता भिंतीवरून काढा. मुलीला तक्ता आठवला नाही म्हणून ६३ आलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. तक्ता चोख आठवला म्हणूनच ६३ आलं. ‘जास्त’ दिसलं, बेरीज केली. शिकवल्याबरहुकूम वागली बिचारी.

तक्ता किती दगा देतो ते बघा. ‘दोन पेट्यांत मिळून २४० आंबे आहेत. एकीत १३५ आहेत, तर दुसरीत किती?’ शब्द आहे ‘मिळून’, करायची आहे वजाबाकी, उत्तर १०५. ‘पेरूवाल्याने ३७ पेरू विकले, २५ उरले. सकाळी टोपलीत किती होते?’ इथे ‘उरले’ आहे आणि करायची आहे बेरीज, उत्तर ६२. ‘८ डब्यांत प्रत्येकी १२ लाडू भरले, तर लाडू किती?’ तक्त्याप्रमाणे ‘प्रत्येकी’ म्हणजे भागाकार. पण ८ ने १२ ला पूर्ण भाग जात नाही, मग मूल बावरतं आणि खाडाखोड सुरू होते. शब्दावरून क्रिया ठरतच नाही. गोष्टीत काय दिलंय आणि कुठली जागा रिकामी आहे, त्यावरून ठरते. पेरूंच्या गोष्टीत ‘सकाळी किती’ ही जागा रिकामी आहे म्हणून बेरीज. तीच गोष्ट ‘६२ होते, ३७ विकले, किती उरले?’ अशी विचारली तर वजाबाकी.

तक्त्यापेक्षाही वाईट म्हणजे त्याने लागणारी सवय. मूल वाचायचं सोडून देतं. दोन आकडे आणि एक खुणेचा शब्द उचलला की झालं, मधला मजकूर वाचायची गरजच काय! १९७०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात संशोधकांनी सात-आठ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून वय सांगून टाकलं. तुमच्या मुलीलाही आज रात्री असंच एक उदाहरण घालून बघा. ‘एसटीत ३८ प्रवासी बसलेत आणि ७ उभे आहेत, तर कंडक्टरचं वय किती?’ ती हसली किंवा ‘असं कसं सांगणार?’ म्हणाली, तर काम सोपं आहे. ४५ म्हणाली, तर रागावू नका. काम कुठून सुरू करायचं ते कळलं.

आता मण्यांचंच उदाहरण घेऊन पायरी पायरीने जाऊ. इथे वेळ लागला तरी चालेल, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

उदाहरण वहीत लिहून घ्या आणि दोन्ही आकड्यांवर बोट किंवा कागदाचा कपटा ठेवा. आता तिला वाचायला सांगा: ‘रेश्माकडे काही मणी आहेत. ते नेहाकडच्या मण्यांपेक्षा काहीने जास्त आहेत. नेहाकडे किती?’ आकडे दिसत नाहीत म्हटल्यावर हात आकडेमोडीकडे जाऊच शकत नाही. मग विचारा, ‘गोष्ट काय आहे? तुझ्या शब्दांत सांग.’ ती म्हणेल, ‘दोघींकडे मणी आहेत.’ पुढे विचारा, ‘जास्त कोणाकडे?’

सगळी गोम या प्रश्नात आहे. पुष्कळ मुलं इथे ‘नेहाकडे’ म्हणतात. वाक्यात ‘नेहा’ आणि ‘जास्त’ हे शब्द जवळजवळ आहेत आणि ‘ते’ म्हणजे कोणाचे मणी, हे मागे जाऊन बघावं लागतं. तसं झालं तर समजावून सांगत बसू नका. ‘पेक्षा’ या शब्दाभोवती गोल करायला सांगा आणि विचारा, ‘पेक्षा कोणाला चिकटलंय?’ नेहाच्या मण्यांना. म्हणजे नेहाच्या मण्यांशी तुलना चाललीय, आणि जास्त आहेत ते दुसरीचे. ‘दादा ताईपेक्षा उंच आहे, तर उंच कोण?’ असं घरातल्याच माणसांवर दोन-तीनदा विचारलंत की हे पक्कं होतं.

जास्त रेश्माकडे, हे एकदा तिच्या तोंडून आलं की आकडे उघडा आणि विचारा, ‘मग नेहाचे मणी ४५ पेक्षा जास्त असतील की कमी?’ कमी. अजून काहीही मांडलेलं नाही, पण ६३ हे उत्तर इथेच बाद झालं. अंदाज शेवटी करायचा नसतो, क्रिया ठरवण्याआधी करायचा असतो. उत्तर दिलेल्या संख्येपेक्षा मोठं येणार की लहान, एवढं जरी मूल आधी बोललं तरी ‘बेरीज की वजाबाकी’ हा प्रश्न निम्मा सुटतो.

यानंतर उत्तराचं वाक्य लिहून घ्यायचं, आकड्याची जागा मोकळी सोडून: ‘नेहाकडे ____ मणी आहेत.’ हे आधी लिहिलं की काय शोधायचंय ते डोळ्यांसमोर राहतं. एककही विसरत नाही. नुसतं ‘२७’ लिहून अर्धा गुण घालवणारी मुलं वर्गात कमी नसतात.

मग चित्र. मणी काढायचे नाहीत, पट्ट्या काढायच्या. चौकटीच्या वहीत दोन आडव्या पट्ट्या, एकीखाली एक, दोन्ही डावीकडे एकाच उभ्या रेषेपासून सुरू. वरची रेश्माची लांब, खालची नेहाची आखूड. रेश्माच्या पट्टीवर ४५ लिहायचं. नेहाची पट्टी संपते तिथून वर तुटक रेघ मारली की रेश्माच्या पट्टीचा जो तुकडा जास्तीचा उरतो, त्यावर १८. नेहाच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. आता ‘काय करू?’ असं तुम्हाला विचारायची गरज उरत नाही, चित्रच सांगतं की ४५ मधून १८ चा तुकडा काढला की नेहाचे राहतात. ४५ − १८ = २७.

पट्ट्यांत दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू करणं. मग जास्तीचा तुकडा दिसतच नाही. दुसरी म्हणजे ४५ चौकोन मोजून पट्टी काढणं. त्यात दहा मिनिटं जातात आणि मुलीला चित्राचाच कंटाळा येतो. माप नको, लांब-आखूड कळलं की पुरे. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८०च्या दशकापासून ही पट्ट्यांची रीत पाठ्यक्रमात आहे आणि एरवी बीजगणित लागेल अशी उदाहरणं तिथली लहान मुलं तिच्यावर सोडवतात. एक करून बघा: ‘राजूकडे मीनाच्या तिप्पट गोट्या आहेत. दोघांकडे मिळून ४८ आहेत. मीनाकडे किती?’ तक्त्याने गेलं तर ‘तिप्पट’ आलं म्हणून ४८ गुणिले ३, म्हणजे १४४! पट्ट्या काढा: मीनाचा एक तुकडा, राजूचे तसेच तीन. झाले चार सारखे तुकडे, मिळून ४८. एक तुकडा १२. मीनाकडे १२, राजूकडे ३६.

शेवटी ताळा. ४५ − १८ ची वजाबाकी पुन्हा करणं हा ताळा नव्हे, तशाने चूक असली तर तीच पुन्हा होते. आलेलं उत्तर गोष्टीत घालून गोष्ट वाचायची: ‘नेहाकडे २७. रेश्माकडे १८ जास्त, म्हणजे २७ + १८ = ४५.’ जुळलं.

पहिल्या आठवड्यात एका उदाहरणाला आठ-दहा मिनिटं लागतील. लागू द्या.

बेरीज-वजाबाकीच्या गोष्टी मुळात तीनच तऱ्हेच्या असतात. काहीतरी वाढतं किंवा घटतं. दोन भाग मिळून एक होतं. किंवा दोघांची तुलना होते. वाढ-घटीत शेवट विचारला (‘किती उरले?’) तर दुसरीतलं मूलही सांगतं. मधली संख्या विचारली (‘६२ होते, २५ उरले, किती विकले?’) की जरा थांबतं. सुरुवात विचारली की अडतं, आणि तुलनेत वाक्य उलटं फिरवलं, म्हणजे मण्यांसारखं, की सगळ्यात जास्त चुकतं. म्हणून एकच संख्या-त्रिकूट घ्या, २७, १८, ४५, आणि त्यावर तिलाच गोष्टी रचायला लावा. वाढीची एक, घटीची एक, तुलनेच्या दोन. पाच मिनिटांत कळेल की ती कुठली गोष्ट टाळतेय. जी टाळते तीच तिची कच्ची बाजू.

गुणाकार-भागाकारात चित्राऐवजी तीन रकाने जास्त कामी येतात: ‘एका गटात किती’, ‘गट किती’, ‘सगळे मिळून’. लाडवांचं उदाहरण भरा: १२, ८, प्रश्नचिन्ह. शेवटचा रकाना रिकामा असेल तर गुणाकार. पहिल्या दोनांपैकी एक रिकामा असेल तर भागाकार. ‘९६ लाडू ८ डब्यांत सारखे भरले, एका डब्यात किती?’ आणि ‘९६ लाडू, एका डब्यात १२ मावतात, डबे किती लागतील?’ ही दोन्ही भागाकाराची असली तरी मुलांना ती वेगळी वाटतात, आणि तशी ती आहेतही. पहिल्यात वाटायचं आहे, दुसऱ्यात १२-१२ चे गट पाडत जायचं आहे. शाळेत बहुधा ‘वाटणी’ म्हणूनच भागाकार शिकवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात ‘इथे कोणाला वाटतोय?’ असं मूल विचारतं. खऱ्याखुऱ्या शेंगदाण्यांचे गट पाडून एकदा दाखवा.

बाकी उरली की मात्र खरी गंमत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: ११२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ मावतात, बस किती लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला: भागाकार ३१, बाकी १२. पण ‘३२ बस’ हे उत्तर फक्त २३ टक्के मुलांनी दिलं. बाकीच्यांपैकी पुष्कळांनी ‘३१ बाकी १२’ असंच लिहून सोडून दिलं. बाकी १२ म्हणजे रस्त्यावर उभे राहिलेले १२ सैनिक, हे डोक्यातच आलं नाही.

घरी यासाठी एकच भागाकार चार गोष्टींत घाला. १३० ÷ ४, भागाकार ३२, बाकी २.

१३० मुलं सहलीला निघाली, एका रिक्षात ४ बसतात, रिक्षा किती? ३३. उरलेल्या दोघांनाही न्यायचंय.

१३० फुलं, ४ फुलांचा एक गुच्छ, पूर्ण गुच्छ किती? ३२. उरलेल्या दोन फुलांचा गुच्छ होत नाही.

१३० रुपये चौघांत सारखे वाटले, प्रत्येकाला किती? ३२ रुपये ५० पैसे. पैसे मोडता येतात.

१३० बिस्किटं, ४-४ च्या पुड्या बांधल्या, सुटी किती राहिली? २. इथे बाकी हेच उत्तर.

आकडेमोड एकच, उत्तरं चार. हा खेळ एकदा रंगला की ‘बाकीचं काय करायचं?’ हा प्रश्न ती स्वतःहून विचारायला लागेल.

दोन-तीन पायऱ्यांची उदाहरणं चौथीत येतातच, आणि तिथे अडायचं कारण वेगळं असतं. मधला प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो, तो आपण शोधायचा असतो. ‘आईने ३५ रुपयांची एक याप्रमाणे ६ वह्या आणि १५ रुपयांचं एक याप्रमाणे ४ पेनं घेतली. दुकानदाराला ५०० रुपयांची नोट दिली. किती रुपये परत मिळतील?’ शेवटच्या प्रश्नापासून उलटं या. परत किती हे कळायला काय ठाऊक हवं? एकूण खर्च. खर्च कळायला? वह्यांचे किती आणि पेनांचे किती. आता सुलटं लिहा, प्रत्येक ओळीपुढे ती कशाची ते लिहून:

वह्यांचे रुपये: ३५ × ६ = २१०
पेनांचे रुपये: १५ × ४ = ६०
एकूण खर्च: २१० + ६० = २७०
परत मिळालेले रुपये: ५०० − २७० = २३०

ओळीपुढचं नाव लिहायला मुलं फार कंटाळतात, पण ते सोडू नका. नाव नसलं की तिसऱ्या ओळीला कुठला आकडा कशाचा तेच कळेनासं होतं. या उदाहरणातली नेहमीची चूक म्हणजे ५०० − ३५ − १५ = ४५०; एकच वही आणि एकच पेन घेतल्यासारखं. ‘एक याप्रमाणे’ हे शब्द नजरेतून निसटले की असं होतं. आणखी एक खोड म्हणजे ‘३५ × ६ = २१० + ६० = २७०’ असं एकाच ओळीत रेल्वे जोडत जाणं. ३५ × ६ म्हणजे काही २७० नव्हेत. उत्तर बरोबर आलं तरी ही सवय आत्ताच मोडा, पुढे समीकरणांत महागात पडते.

मापांच्या उदाहरणांत एकच नियम: आकडेमोडीआधी सगळं एका एककात आणा. ‘२ किलो तांदळातून ७५० ग्रॅम काढले’ याला ७५० मधून २ वजा करणारी मुलं असतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द घरात कमी बोलले जातात, म्हणून मुद्दाम बोला. पाऊण किलो ७५० ग्रॅम, सव्वा १२५०, दीड १५००, पावणेदोन १७५०, अडीच २५००. भाजी ८० रुपये किलो असेल तर पाऊण किलोचे ६० रुपये, हा हिशेब भाजीवाल्यासमोर तिलाच करू द्या. पावणेदोनला ‘दोन किलो आणि पाव’ म्हणणारी मुलं दर वर्गात सापडतात. आणि पुस्तकात १ दस्ता म्हणजे २४ कागद, २० दस्ते म्हणजे १ रीम, म्हणजे ४८० कागद असं दिलेलं असतं. बाजारातल्या रीममध्ये ५०० कागद येतात. परीक्षेत पुस्तकातलं माप धरायचं, हे आधीच सांगून ठेवा.

वेळेची वजाबाकी उभी मांडूच नका. ‘गाडी सकाळी ९.४५ ला निघाली, दुपारी १.२० ला पोहोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला?’ ९.४५ ते १० म्हणजे १५ मिनिटं, १० ते १ म्हणजे ३ तास, १ ते १.२० म्हणजे २० मिनिटं. मिळून ३ तास ३५ मिनिटं. एका आडव्या रेषेवर उड्या मारत जायचं. वहीत ‘३ तास ७५ मिनिटे’ असं उत्तर दिसलं तर समजा, तिने १३.२० मधून ९.४५ वजा केले आणि तास मोडून ६० ऐवजी १०० मिनिटं घेतली.

तिच्या बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही, सराव लागतोच. पण रोज वीस उदाहरणं एकाच धड्याखालची असली तर त्याचा उपयोग थोडा. ‘वजाबाकी’ या धड्याच्या शेवटी दिलेली सगळी शाब्दिक उदाहरणं वजाबाकीचीच असतात, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. वरचं शीर्षक वाचलं की काम झालं, उदाहरण वाचायची गरजच नाही. परीक्षेत शीर्षक नसतं आणि मग गाडी अडते. म्हणून निरनिराळ्या धड्यांतली पंचवीस-तीस उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवून डब्यात टाका आणि रोज चारच काढा. दोन पूर्ण सोडवायची. तिसऱ्याचं फक्त चित्र किंवा रकाने आणि ‘उत्तर मोठं येईल की लहान’, आकडेमोड नाही. चौथ्यात आकडे तेच ठेवून प्रश्न तिने बदलायचा. वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं. सोडवलेली चिठ्ठी परत डब्यातच टाका, आठवड्याने पुन्हा निघाली तर चांगलंच.

पहिले पाच-सहा दिवस फक्त आकडे झाकून गोष्ट सांगणं, उत्तराचं वाक्य आणि पट्ट्या. मग चिठ्ठ्यांचा डबा. शेवटच्या आठवड्यात घड्याळ लावा, पण एका उदाहरणाला पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ देऊ नका. दरम्यान ती ‘बेरीज करू की वजाबाकी?’ विचारेलच. तेव्हा ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘नीट वाच’ यांतलं काहीही म्हणायचं नाही. ‘नीट वाच’ने काय नीट करायचं ते कळत नाही. ‘गोष्ट सांग’ म्हणा. तुम्ही एकदा जरी ‘वजाबाकी’ म्हणालात तरी पुढचे चार दिवस ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून सोडवेल. मुलं भुवई वर गेलेलीही टिपतात.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तिला उदाहरण मोठ्याने वाचायला लावा. ‘याप्रमाणे’, ‘पैकी’, ‘शिल्लक’, ‘दराने’, ‘अनुक्रमे’, ‘नग’ या शब्दांवर ती अडखळत असेल किंवा पूर्णविराम ओलांडून वाचत असेल, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. ‘३२० मुलांपैकी १४५ मुली’ असले मुलांना चकवणारे शब्दप्रयोगही शोधून ठेवा. ‘पैकी’ म्हणजे त्या ३२० मध्येच १४५ आल्या, हे न कळल्याने ४६५ लिहिणारी मुलं आहेत. तुम्ही उदाहरण तोंडी सांगत असाल तर आकडे तिला लिहून दाखवायला सांगा. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ आणि ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिलं जातं, कारण मराठीत एकक आधी बोललं जातं आणि ‘एकोण’ म्हणजे ‘एक कमी’ हे मुलांच्या लक्षात येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी जोडी आणली, त्यावर एवढा वादंग झाला तोही याच अडचणीवरून. तुमच्या मुलीला दोन्ही वाचनं सारखी ओळखू आली पाहिजेत.

वहीतल्या मांडणीसाठी तिच्या बाईंना विचारून घ्या. काही शाळांत ‘रीत’ आणि ‘उत्तर’ एवढंच लागतं, काही ठिकाणी ‘दिलेले’ आणि ‘विचारलेले’ असे रकाने हवे असतात आणि पायऱ्यांचे गुण असतात. पट्ट्या पानाच्या कडेला कच्च्या कामात काढल्या तर बहुतेक शिक्षकांची हरकत नसते. हरकत असलीच तर घरच्या वहीत काढू द्या, परीक्षेत ती मनातल्या मनात काढेल.

पुढे शिष्यवृत्तीला बसवणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. तिथे चार पर्याय असतात, आणि मण्यांसारख्या उदाहरणात ६३ हा पर्याय तुम्हाला बहुतेक वेळा दिसेलच. चुकीची क्रिया केली की जे उत्तर येतं, ते प्रश्न काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून आधी ‘४५ पेक्षा कमी’ असा अंदाज, त्यावरून न बसणारे पर्याय पेन्सिलने खोडणं, आणि मगच आकडेमोड, हा क्रम चौथीतच अंगवळणी पडू द्या.